कॉमिक्सच्या वेडाबद्दल मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळ, जळगाव, पाचोरा, अमळनेर, कुठेही चार माणसं भेटली आणि माझ्या पिशवीत कॉमिक दिसलं की प्रश्न सुरू होतात. लग्नाच्या मांडवात, एसटीत, बँकेच्या रांगेतही. उत्तर देताना मला दर वेळी वाटतं की अजून थोडं सांगायला हवं होतं. म्हणून या वेळी सगळं सविस्तर लिहिलं आहे.

ताई, या वयात कॉमिक्स? ती लहान मुलांची असतात ना?

काही असतात, काही नसतात. कादंबऱ्यांचं, सिनेमाचंही तसंच आहे. आर्ट स्पीगलमन यांनी ‘माउस’मध्ये आपल्या वडिलांनी भोगलेल्या नाझी छळछावणीची हकिगत चित्रांतून सांगितली. त्यात ज्यू माणसं उंदरांच्या रूपात आहेत आणि नाझी मांजरांच्या. १९९२ साली त्या पुस्तकाला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. ते आठ वर्षांच्या मुलाच्या हाती देण्यासारखं पुस्तक नाही. तरी अशी पुस्तकं आपल्याकडच्या वाचनालयात सरसकट बालविभागात ठेवतात, कारण आत चित्रं आहेत. चित्र दिसलं की मजकूर हलका, हा समज मला मनापासून खटकतो.

ही आवड लागली कुठून?

भुसावळमुळे. मुंबईहून येणारी लाइन आमच्या जंक्शनवर फुटते. एक फाटा खंडवा-इटारसीकडे जातो, दुसरा नागपूरकडे. त्यामुळे स्टेशनवरच्या बुकस्टॉलला मुंबईची मराठी मासिकं आणि दिल्लीची हिंदी कॉमिक्स शेजारी शेजारी टांगलेली असत. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि स्टेशनवर हिंदी, अशा तीन भाषा कानावर घेत आम्ही वाढलो. वेताळ, म्हणजे फँटम, मराठीतून वाचला, चाचा चौधरी हिंदीतून. दोन्हीत काही अवघड वाटलं नाही. अडलेला शब्द चित्र सांगून टाकायचं. माझं हिंदी वाचन पाठ्यपुस्तकापेक्षा साबूनेच जास्त सुधारलं असं मी आजही सांगते. प्राण यांनी चाचा चौधरी १९७१ साली ‘लोटपोट’ मासिकासाठी काढला. ज्युपिटरवरून आलेला हा अवाढव्य साबू पुढे चाचांच्या घरचाच झाला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतली मोठी मुलं घराच्या ओट्यावर सुतळी बांधायची, तिच्यावर अंक टांगायची आणि भाड्याने द्यायची. तिथेच बसून वाचलं तर भाडं कमी, घरी नेलं तर जास्त. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, दुपारी बाहेर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं लोटून, फरशीवर पाणी शिंपडून, पालथं पडून वाचायचं. आजी विचारायची, “काय वाची ऱ्हायनी वं?” मग तिला चित्रं दाखवत अख्खी गोष्ट सांगावी लागायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण पुढच्या चौकटीत काय होणार हे ती माझ्याआधी ओळखायची.

इंद्रजालचं एवढं कौतुक का?

कारण एका पिढीला जगभरची कॉमिक्स या मालिकेने मराठीत आणून दिली. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. ली फॉक यांनी जादूगार मँड्रेक १९३४ साली आणि फँटम १९३६ साली अमेरिकन वर्तमानपत्रांसाठी निर्माण केले. मराठी घरांत फँटम वेताळ होऊन आला. वडिलांनंतर मुलगा तोच पोशाख घालतो, म्हणून लोकांना वाटतं हा मरतच नाही. ही कल्पना आपल्या मुलांना अवघड गेलीच नाही. गुहा, कवटीच्या खुणेची अंगठी, ड्रमवरून जाणारे निरोप, सगळं लगेच आपलंसं झालं. मूळ गोष्टीतल्या देशाचं नाव बंगालची आठवण करून देणारं होतं. भारतीय वाचकाचा गोंधळ नको म्हणून इंद्रजालने ते डेंकाली केलं.

माझा आवडता मात्र बहादूर. १९७६ साली आबिद सुरती यांनी तो लिहिला, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. डाकूचा मुलगा, अंगात भगवा कुर्ता आणि जीन्स, आणि काम काय, तर गावकऱ्यांना एकत्र करून दरोडेखोरांशी सामना. त्याच्या चित्रांतली घळी, काटेरी झुडपं, धुळीचे रस्ते पाहिले की मला तापीकाठचा भाग आठवतो. जंगलाचा राजा आणि जादूगार यांच्या रांगेत कुर्ता घातलेला नायक उभा राहिला, याचं मोल तेव्हाच्या मुलांना विचारा.

नागराजचा आणि महाराष्ट्राचा संबंध आहे म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि ही गोष्ट मी न विचारताही सांगते. दिल्लीच्या राज कॉमिक्सने १९८६ साली नागराज आणला. त्याची सुरुवातीची चित्रं प्रताप मुळीक यांची. मुळीक पुण्याचे. अमर चित्र कथेतल्या अनेक अंकांमुळे त्यांचा हात लोकांना आधीच परिचित होता. दरबार, घोडे, युद्धं काढणाऱ्या त्याच हाताने हिरव्या कातडीचा, मनगटातून साप सोडणारा नायक उभा केला. अंगाची ठेवण, स्नायूंचा ताण, पायांचा रोख बघा. त्या शरीराला वजन आहे. नागराज हवेत झेपावतो तेव्हाही तो कागदावर चिकटवल्यासारखा दिसत नाही.

नागराज, सुपर कमांडो ध्रुव, डोगा ही नावं कुणालाही विचारा, पटापट सांगतील. ध्रुव उभा करणाऱ्या अनुपम सिन्हांचं नाव विचारलं तर निम्मे थांबतील. मुळीकांचं विचारलं तर बहुतेक सगळेच. गाणं ऐकताना आपण गायकाचं नाव विचारतो, मग एवढी वर्षं डोळ्यांसमोर असलेली रेघ कुणाची हे विचारायला काय हरकत आहे?

आणखी दोन नावं लक्षात ठेवा. राम वाईरकर: अमर चित्र कथेचा ‘कृष्ण’ त्यांचा आणि ‘टिंकल’मधला सुपंडीही त्यांचाच. वसंत हळबे: शिकारी शंभू त्यांचा. शंभूची टोपी डोळ्यांवर आलेली असते, त्याचे डोळे दिसतच नाहीत. भीती, आनंद, ओशाळलेपण, सगळं मिशा, तोंड आणि वाकलेले गुडघे यांतून दाखवायचं. चित्रकलेच्या वर्गात हा धडा म्हणून लावावा असं काम आहे.

तुम्ही एक कॉमिक किती वेळात वाचता?

पहिल्यांदा भरभर, गोष्टीच्या ओढीने. मग दुसऱ्यांदा, आणि हे खरं वाचन, मजकूर सोडून फक्त चित्रं. संवादांच्या फुग्यांवर अंगठा ठेवून बघा. चित्रकाराने काय काय सांगितलं होतं आणि आपण काय काय सोडून दिलं, ते लगेच कळतं.

चौकटींच्या मधली जी पांढरी पट्टी असते, तिच्यात गोष्ट पुढे सरकते. एका चौकटीत हात वर उचललेला आहे, पुढच्या चौकटीत पेला फुटलेला आहे. पेला पडताना कुणी काढलेलाच नाही, तो तुम्ही पाडलात. दोन चौकटींत कधी एक क्षण जातो, कधी वीस वर्षं, आणि किती गेलं ते वाचकाने चित्रावरून ठरवायचं असतं. स्कॉट मॅकलाउड यांनी १९९३ मध्ये कॉमिक्सच्या व्याकरणावर एक अख्खं कॉमिकच काढलं. त्यात या रिकाम्या जागेवर मोठं प्रकरण आहे.

चौकटीचा आकारही बोलतो. लहान लहान उभ्या चौकटी आल्या की श्वास भराभर चालतो. पानभर एकच चित्र आलं की डोळा थांबतो, फिरतो. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कुणीतरी दचकून मागे बघत असेल, तर चित्रकाराने पान उलटायची तुमची घाई आधीच ओळखलेली असते. हेर्झेंचं टिनटिन या बाबतीत फार शिकवतं. १९२९ साली बेल्जियममध्ये सुरू झालेली ही मालिका. सगळीकडे सारख्याच जाडीची स्वच्छ रेघ, छायेचा गोंधळ नाही, आणि तरी मागच्या बाजाराची, बंदराची, विमानाची प्रत्येक वस्तू ओळखू येते.

शि. द. फडणीसांची हास्यचित्रं याच्याही पुढे जातात, त्यांत शब्दच नसतात. एका चित्रात आधी काय झालं आणि नंतर काय होणार, दोन्ही भरलेलं. कॉमिक्स वाचायला शिकायचं असेल तर मराठी माणसाने तिथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

अजिंठ्याला तुम्ही कॉमिक्ससाठी जाता म्हणे?

हो, आणि बरोबर वाचक मंडळींनाही नेते. जळगावहून साठेक किलोमीटर. फर्दापूरच्या फाट्यावरून लेणीपर्यंतची बस मिळते. सोमवारी लेणी बंद असतात, हे आधी लक्षात ठेवा.

आधी १० क्रमांकाच्या लेण्यात जायचं. इथली जुनी चित्रं इसवी सनाच्या आधीच्या काळातली. उजव्या भिंतीवर षड्दंत जातकाची लांबलचक पट्टी आहे. जातक म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्माची गोष्ट. सहा सुळ्यांचा हत्ती, त्याच्यावर रागावलेली आणि पुढच्या जन्मी राणी झालेली त्याची सोबतीण, शिकारी, आणि शेवटी राणीसमोर आणलेले सुळे. चित्रं पुष्कळ झिजली आहेत, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं लागतं. पण भिंतीच्या कडेने चालत चालत गोष्ट वाचायची, ही गंमत तिथे अनुभवायला मिळते.

मग १७ क्रमांक. हे पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या काळातलं. इथल्या विश्वंतर जातकात दानशूर राजपुत्र राज्याचा पाऊस पाडणारा हत्तीही देऊन टाकतो, लोक चिडतात, त्याला बायकामुलांसह वनात जावं लागतं. बघा, एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा येतो. राजवाड्यात पत्नी मद्रीला बातमी सांगताना, मग नगराबाहेर पडताना, मग वनात. चौकटी आखलेल्या नाहीत. मंडपाचे खांब, दारं, झाडं, खडक, त्यांनीच एक प्रसंग दुसऱ्यापासून वेगळा केला आहे. डोळ्याला कुठे थांबायचं ते बरोबर कळतं.

आणि एक विशेष गोष्ट. आपल्या कॉमिक्समध्ये प्रसंग काळाच्या क्रमाने लागतात. अजिंठ्यात बऱ्याचदा जागेच्या क्रमाने लागतात, म्हणजे राजवाड्यात घडलेलं सगळं एका भागात, वनात घडलेलं दुसऱ्या भागात, मग ते आधीचं असो की नंतरचं. कलेतिहासकार विद्या दहेजिया यांनी हे फार चांगलं उलगडून दाखवलं आहे. पहिल्यांदा जाणारा गोंधळतो, कारण तो डावीकडून उजवीकडे वाचत असतो. गोष्ट आधी माहीत करून गेलात तर भिंत तुमच्याशी बोलायला लागते. म्हणून जाण्याआधी मी सोबतच्या मुलांना जातकं वाचून दाखवते. शक्य झालं तर जपानच्या ओसामु तेझुका यांनी काढलेलं बुद्धाचं चित्रचरित्रही चाळायला देते. दूर देशात बसून एका माणसाने या गोष्टी पुन्हा चौकटींत कशा बसवल्या, ते मुलांना नीट दिसतं.

अजिंठा म्हणजे जगातलं पहिलं कॉमिक, असं कुणी म्हणालं की मी अडवते. भिंतीवरचं चित्र आणि छापलेलं पुस्तक यांचे उद्देश वेगळे, वाचक वेगळे. पण चित्रांतून गोष्ट सांगायचे जे प्रश्न आजच्या चित्रकाराला पडतात, ते त्या चित्रकारांनी आपल्या परीने सोडवले होते, आणि ते बघायला आपल्याला जळगावहून दीड-दोन तास लागतात. इथल्या कितीतरी लोकांनी फक्त सहलीत तिथे वडे खाल्ले आहेत.

खानदेशाचा उल्लेख एखाद्या गाजलेल्या कॉमिकमध्ये आहे का?

आहे, आणि तो वाचताना मान खाली जाते. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगावला उतरले होते. वस्तीतल्या लोकांनी त्यांच्यासाठी टांगा ठरवला, पण टांगेवाल्याने अस्पृश्याचा टांगा हाकायला नकार दिला. शेवटी टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एकाने, सवय नसताना, लगाम हातात घेतला. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

‘भीमायन’ या २०११ च्या पुस्तकात ती चित्रांतून येते. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. माणसांना आम्ही खोक्यात कोंबणार नाही, असं चित्रकारांनी सुरुवातीलाच ठरवलं. त्यामुळे पानावर सरळ चौकटी नाहीतच, गोंड घरांच्या भिंतींवर काढतात तसली वळणदार नक्षी एकेका प्रसंगाला वेगळं करते. बोलण्याचे फुगेही बघा. मायेने बोललेल्या शब्दांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे आणि विखारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. अक्षरं न वाचणारं मूलही कोण काय बोलतंय ते ओळखेल.

चाळीसगावच्या स्टेशनवर उतरणाऱ्या किती जणांना ही घटना माहीत आहे? मी हे पुस्तक तिथल्या काही शिक्षकांना दाखवलं. त्यांतल्या बहुतेकांनी पहिल्यांदाच पाहिलं. अमेरिकेतल्या काल्पनिक शहराचे रस्ते आपल्या मुलांना पाठ आहेत. आपल्या गावातल्या पुलावर काय घडलं तेही चित्रांतून त्यांच्यापर्यंत जायला हवं, असं मला फार वाटतं.

अमर चित्र कथेवर टीका होते. तुम्हाला ती पटते का?

बरीचशी पटते. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ही मालिका सुरू केली, तेव्हा पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते आणि अकराव्या क्रमांकाला ‘कृष्ण’ आला. त्यानंतर लाखो मुलांना पुराण, इतिहास, लोककथा यांची गोडी तिने लावली, मलाही लावली. पण त्या अंकांत राक्षस बहुतेकदा काळेसावळे आणि बेढब, नायक गोरेपान. बायका सुंदर, आणि पुष्कळदा फक्त वाट बघणाऱ्या. रंगांची ही विभागणी मुलाच्या डोक्यात शांतपणे बसते. माझ्या वर्णाची मुलगी त्या चित्रांत राजकन्या म्हणून क्वचितच दिसायची, हे मला लहानपणी बोलता येत नव्हतं पण जाणवत होतं.

म्हणून अंक फेकून द्यायचे का? नाही. मुलांबरोबर बसून वाचायचे आणि विचारायचं, “हा वाईट आहे हे तुला कशावरून कळलं?” त्यावर चांगल्या गप्पा होतात.

तुम्हाला राग कशाकशाचा येतो?

पहिला, चित्रकाराचं नाव न छापण्याचा. मुखपृष्ठावर नायकाचं नाव केवढं तरी मोठं आणि ज्याने तो काढला त्याचा आत कुठेही पत्ता नाही, असं पुस्तक मी हातात घेते तेव्हा वाईट वाटतं. अक्षरं कुणी लिहिली, रंग कुणी भरले, तेही छापा. एका ओळीची तर जागा लागते.

दुसरा, मराठी भाषांतरात फुग्यांची होणारी अवस्था. संगणकावरचा एकच ठोकळेबाज टाइप, ओळी फुग्याच्या कडेला घासतात, काना एका ओळीत आणि अक्षर दुसऱ्या ओळीत. कुजबुज आणि किंकाळी, दोन्ही एकाच आकारात. हाताने लिहिलेल्या देवनागरीत किती वळणं, किती जाड-बारीकपणा आणता येतो! शिरोरेघ थरथरती काढली तरी आवाज थरथरतो. स्फोटाची, दार आपटल्याची अक्षरं तर इंग्रजीतलीच ठेवून देतात, कारण ती चित्रात मिसळलेली असतात आणि पुसून पुन्हा काढायला मेहनत पडते. ‘धाडकन’, ‘खळ्ळ’, ‘सर्रकन’ असे आवाज जिच्यात आहेत त्या भाषेत ही मेहनत घेतलीच पाहिजे.

तिसरा, बाइंडिंगवाले. वाचनालयासाठी दहा अंक एकत्र शिवतात, कडा सारख्या करायला मशिनवर कापतात आणि बाहेरच्या चौकटीतल्या माणसाचा अर्धा चेहरा जातो. एका ठिकाणी असा गठ्ठा पाहिला, त्यात प्रत्येक पानाचा शेवटचा फुगा अर्धवट होता. गोष्ट वाचताच येत नव्हती.

चौथा, कॉमिक्स फक्त गुंतवणूक म्हणून घेणारे. प्लॅस्टिकमध्ये बंद करून कपाटात ठेवायचं, कधी उघडायचं नाही, आणि भाव विचारत फिरायचं. यांच्यामुळे साध्या वाचकाला जुना इंद्रजाल परवडेनासा झाला आहे.

आणि शेवट सांगून टाकणारे. यावर अधिक काही बोलत नाही.

मुली वाचतात का हो कॉमिक्स?

वाचतात. “मुलासाठी घेताय का?” असं दुकानात अजूनही विचारतात. मी “माझ्यासाठी” म्हणते आणि पैसे देते.

मार्व्हल की डीसी?

या दोन्ही अमेरिकी कॉमिक कंपन्यांत चांगले लेखक-चित्रकार झाले, दोन्हीत टाकाऊही पुष्कळ निघालं. सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा, स्पायडरमॅन १९६२ चा. या तीन वर्षांमधलं अंतर बघितलं तर नायक कसा बदलत गेला ते कळतं. स्पायडरमॅन हा घरभाड्याची काळजी करणारा पोरगा आहे, म्हणून मला जवळचा. सिनेमे पाहून भांडणाऱ्यांनी आधी चार अंक वाचावेत.

मांगा उलटं का वाचायचं?

मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स. जपानी लिपीची पारंपरिक मांडणी उजवीकडून डावीकडे जाते, चौकटीही तशाच. एखादा अंक वाचला की डोळ्याला सवय होते. पूर्वी परदेशी आवृत्त्यांसाठी पानं आरशासारखी फिरवून छापत, मग तलवारबाज अचानक डावखुरे व्हायचे. आता मूळ दिशा ठेवतात, तेच योग्य.

मोबाइलवर वाचलं तर काय बिघडलं?

वाचा, पण पूर्ण पान दिसेल असं वाचा. एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय आहे, तीत पानाची रचनाच नाहीशी होते. मोठ्या चौकटीचं मोठेपण लहान चौकटी शेजारी असल्यामुळे असतं. आणि चोरून स्कॅन केलेल्या फायली गटांमध्ये पाठवू नका. छापणारा बुडाला तर पुढचा अंक येणार नाही. जो अंक कायमचा दुर्मिळ झाला आहे त्याबद्दल माझा एवढा कडक आग्रह नाही, पण दुकानात मिळणारं पुस्तक तरी विकत घ्या.

खानदेशात जुनी कॉमिक्स कुठे शोधायची?

रद्दीवाल्यांकडे, आणि दिवाळीच्या साफसफाईआधीच्या पंधरवड्यात. माळे आणि फडताळं तेव्हाच रिकामी होतात. रद्दीवाल्याशी आधी ओळख ठेवा, त्याला सांगून ठेवा की चित्रांची पुस्तकं बाजूला काढ, वजनापेक्षा जास्त पैसे देईन. भुसावळला रेल्वे क्वार्टरमधली कुटुंबं बदली होऊन जाताना सामान हलकं करतात, तिथेही चांगले अंक निघतात. हिंदीसाठी बऱ्हाणपूरला एक फेरी मारा. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशाची राजधानी तेच होतं, आणि आमच्या नातेवाइकांच्या निम्म्या सोयरिकी अजून तिकडे होतात. ‘चांदोबा’चे गठ्ठेही मिळतात. ते काटेकोरपणे कॉमिक नव्हे, पण शंकर यांनी काढलेला विक्रम खांद्यावर वेताळ घेऊन चालताना दिसला तर सोडू नका.

‘चिंटू’ मात्र वेगळ्या रूपात सापडेल. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही मालिका १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये यायची, आणि घरोघरी मुलं ती कापून वहीत चिकटवायची. अशी वही कुणी टाकायला काढली असेल तर हात जोडून मागून घ्या.

आपल्या हवेत अंक टिकवायचे कसे?

वर्तमानपत्री कागदात लाकडातलं लिग्निन राहतं, उजेड आणि उष्णतेने ते पिवळं पडतं आणि कागद ठिसूळ होतो. आपल्याकडे दोन्ही भरपूर. त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीला लागून कपाट नको, पत्र्याखालचा माळा तर नकोच.

पण आपला मोठा शत्रू कूलर आहे. पाण्याच्या कूलरची ओली हवा ज्या खोलीत चार महिने फिरते, तिथे ठेवलेल्या अंकांच्या पिना गंजतात. गंज कागदात उतरतो आणि मधलं पान सुटतं. कॉमिक्स कूलर नसलेल्या खोलीत ठेवा. अंक उभे ठेवा, दाबून भरू नका. सेलोटेप लावू नका, तिचा डिंक काही वर्षांनी तपकिरी होतो आणि शाई घेऊन निघतो. लॅमिनेशन तर अजिबात नको. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कपाट उघडून कसर आणि वाळवी बघा. आणि वाचायच्या आधी हात धुवा, विशेषतः भरीत-पुरी खाऊन उठला असाल तर.

मुलाला पहिलं कॉमिक कोणतं द्यावं?

जे ते स्वतः उचलेल ते. अगदीच विचारलंत तर अक्षरओळख होत असताना ‘टिंकल’सारख्या छोट्या गोष्टी, मग चाचा चौधरी, मग अ‍ॅस्टरिक्स आणि टिनटिन. परदेशी जुन्या अंकांत आफ्रिकी, आशियाई माणसं फार विकृत काढलेली आढळतात, तेव्हा आधी स्वतः चाळा. ‘हे वाचून झालं की अभ्यासाचं वाच’ असं मात्र म्हणू नका.

खानदेशातल्या कुठल्या विषयावर कॉमिक यावं असं वाटतं?

माझी यादी लांब आहे. सेंधव्याच्या घाटात इंग्रजांशी लढलेला खाजा नाईक आणि १८५८ ची अंबापाणीची लढाई. नंदुरबारचा शिरीषकुमार, ९ सप्टेंबर १९४२, हातात तिरंगा आणि समोर बंदुका. असोद्याच्या बहिणाबाई, ज्यांना लिहिता येत नव्हतं आणि ज्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी उतरवून घेतल्या. जातं, शेत, विहीर, सुगरणीचा खोपा, सगळं चित्रकाराची वाट बघतंय.

पण एकच निवडायचं तर चाळीसगावचे केकी मूस. छायाचित्रकार, चित्रकार, मूर्तिकार. आयुष्यातली कितीतरी दशकं त्यांनी स्वतःच्या घराबाहेर क्वचितच पाऊल टाकलं. टेबलावर साध्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून ते असे फोटो काढत की बघणाऱ्याला मोकळ्या मैदानातला देखावा वाटावा. एका माणसाची गोष्ट, एकच घर, आणि त्या घरात सगळं जग. चौकटी कशा आखायच्या याचा इतका सुंदर प्रश्न दुसऱ्या कुठल्या विषयात नाही. घरातली पानं सारख्या आकाराच्या चौकटींत आणि टेबलावरचा देखावा दोन पानांवर पसरलेला, असं मला डोळ्यांसमोर दिसतं.

मला चित्र फारसं येत नाही. तरी कॉमिक काढता येईल का?

येईल. काड्यांची माणसं काढा, पण प्रत्येक चौकटीत कोण कुठे उभं आहे ते पक्कं ठेवा. आधी गोष्ट चार ओळींत लिहा. मग ए-फोरचे दोन कागद एकात एक घालून मधोमध दुमडा, आठ पानांचं पुस्तक होतं. पानं नेहमी चारच्या पटीत येतात, म्हणून गोष्ट तशीच कापावी लागते. पहिलं पान मुखपृष्ठाला, शेवटचं मलपृष्ठाला, मध्ये सहा. फुगे आधी आखा आणि चित्र नंतर, नाहीतर बोलायला जागा उरत नाही. मजकूर एका फुग्यात वीस शब्दांच्या वर नको. काळ्या पेनने काढा, पेन्सिल झेरॉक्सला फिकट येते. दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढा, दुमडीवर दोन पिना मारा आणि पाच-पंचवीस प्रती मित्रांना वाटा. आतल्या पहिल्या पानावर गोष्ट कुणाची, चित्रं कुणाची, अक्षरं कुणाची ते लिहा, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या.